एकसष्ट अंश आणि एक जांभळा टाका

दुपारी दोन वाजून चार मिनिटांनी ती दुकानात शिरली आणि म्हणाली, "बाहेर एकसष्ट अंश तापमान आहे. माणसं अजून चालतायत कशी, तेवढं सांगाल का?"

घड्याळवाल्याच्या उजव्या डोळ्याला भिंग होतं. त्यातून त्याला आधी नुसता पांढरा ढग दिसला. भिंग काढल्यावर ढगाची मुलगी झाली. अंगात पांढरा कोट, बाहीवर गुलाबी मेणाचा डाग, हातात छोटी वही. समोरच्या इमारतीत पहिल्या मजल्यावर कवळ्या बनवतात, तिथली. रोज दोनच्या ठोक्याला खिडकीत येऊन ती त्याच्या दुकानाकडे बघायची आणि काहीतरी लिहून घ्यायची. गेला महिनाभर हे कोडं त्याला छळत होतं. ती आपल्यालाच बघते, असा एक सोयीस्कर अंदाजही त्याने बांधला होता.

तर ती बोर्ड बघत होती. दुकानाबाहेरचा बोर्ड आळीपाळीने वेळ आणि तापमान दाखवी. तापमान मोजणाऱ्या वायरचं टोक झरोक्याबाहेर लटकायचं. आज ते घरंगळून आत आलं होतं आणि झरोक्यात ठेवलेल्या पेल्यात बुडालं होतं.

"हे हवेचं नाही," तो शांतपणे म्हणाला. "माझ्या चहाचं आहे."

"आणि ते तुम्ही अख्ख्या रस्त्याला कळवता?"

"पंचावन्नला प्यायलो की बंद करतो."

मागच्या स्टुलावर घड्याळांचे पट्टे शिवत बसलेल्या आत्याला ठसका लागला.

मुलीने वही उघडली. "मग आजचं खरं किती?"

"एकोणतीस धरा."

"धरा म्हणजे?"

"म्हणजे… आहेच. एकोणतीस." त्याने ठोकून दिलं. "पण तुम्हाला कशाला हवंय?"

"ब्लँकेट विणतेय. क्रोशाचं. दिवसाला एक ओळ, दोन वाजता जेवढं तापमान, त्या रंगाची. एकोणतीसला पिवळा."

"म्हणजे वर्षभराचं हवामान अंगावर घेऊन झोपणार?"

"हवामान बाहेर वाया जातंय ना, मग…" ती हसली, आणि गेली.

त्या दिवशी त्याने एका गृहस्थाच्या घड्याळात काटे उलटे बसवले. गृहस्थ म्हणे दोन दिवस तरुण वाटून घेत होते.

ती आता परत कशाला येणार? तिला वेळ कळत होती, घड्याळ तिचं चालत होतं. आठवडाभर त्याने विचार केला, आणि मग कुठलाही समंजस माणूस करेल तेच केलं. समोरून बर्फ आणला, भांड्यात टाकला आणि त्यात वायर बुडवली.

दोन वाजून तीन मिनिटं. "चार अंश?"

"यंत्र जरा लहरी आहे," तो म्हणाला. "तेहतीस धरा."

तिने बोर्डाकडे पाहिलं, मग त्याच्या बाहीकडे. बाही कोपरापर्यंत ओली होती, आणि थेंब फरशीवर टपटपत होते. "असं का," ती म्हणाली आणि तेहतीस लिहून घेतलं.

मग हे सुरूच झालं. कधी अठ्ठ्याऐंशी, कधी सहा. ती यायची, पाच मिनिटं भांडायची, खरा आकडा मागायची. तो डोक्यात येईल तो द्यायचा. कॅलेंडरवर पेन्सिलीने एक ठिपका काढायचा. पाच मिनिटांची दहा झाली, दहाची वीस. तिने त्याला सांगितलं की माणसाची दाढ ओळखणं हे माणूस ओळखण्यापेक्षा सोपं असतं. त्याने तिला सांगितलं की बंद घड्याळ आणणारा प्रत्येक माणूस आधी ते कानाशी हलवून दाखवतो, जणू त्याला शंका असते की घड्याळ आळशीपणा करतंय.

"आज किती करतोस?" आत्या विचारायची. "सत्तर कर. मागच्या वेळी बारा केलंस, तर एकसष्टवाली जरा गारच वागली."

"आत्या, तिला सर्दी झाली होती."

"तूच केली असशील. बारा!"

दहा महिने असे गेले. मग एके दिवशी ती जाता जाता उंबऱ्यावर थांबली.

"पुढच्या महिन्यात संपेल ब्लँकेट. भाचीच्या वाढदिवसाला."

"भाचीच्या?"

"हो, तिच्यासाठीच तर आहे. ती जन्मली त्या दिवशी पहिली ओळ घातली. ताई गेली लांब, नोकरीच्या गावी. मला ना तिचं रांगणं बघायला मिळालं, ना पहिला दात. म्हटलं, निदान तिचा प्रत्येक दिवस आपल्या हातून जाऊ दे. मोठी झाली की बोट ठेवून सांगेन, हा बघ, तू पहिल्यांदा बसलीस तो दिवस. इतकं ऊन होतं." तिने वही मिटली. "म्हणून एकही ओळ खोटी नको."

ती गेली. घड्याळवाला कॅलेंडरसमोर उभा राहिला. पानापानावर ठिपके. अठ्ठावीस.

"उसवून दुरुस्त करता येतं का गं, आत्या? मधलीच एक ओळ?"

"क्रोशात? वरून उसवत यावं लागतं. तिसरी चुकली तर वरच्या सगळ्या गेल्या." आत्याने सुई थांबवली. "काय केलंस रे?"

गप्प बसलं तर एका बाळाच्या पांघरुणात त्याच्या थापा विणलेल्या राहणार होत्या. सांगितलं तर तिची अकरा महिन्यांची मेहनत उसवणार, आणि ती पुन्हा या दुकानाची पायरी चढणार नाही. पंधरा दिवस त्याने वायरला हात लावला नाही. बोर्ड खरं बोलू लागला. ती आली नाही.

वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, पावणेदोनला, त्याने कॅलेंडर खिळ्यावरून उतरवलं आणि रस्ता ओलांडला.

तिच्या टेबलावर प्लास्टरचे सोळा जबडे ओळीने मांडले होते. सगळे त्याच्याकडे बघून हसत होते.

"हे काय, भिंतच घेऊन आलात?"

"ठिपके आहेत ते… ते दिवस खोटे आहेत." तो एका दमात बोलला. "बोर्ड मी बिघडवायचो. तुम्ही यावं म्हणून. आणि खरे म्हणून सांगितलेले आकडेसुद्धा… मनाचे होते. पहिल्या दिवसाचासुद्धा. माफ करा. उसवायला मदत करेन, मला बारीक काम जमतं."

तिने कॅलेंडर घेतलं. स्वतःची वही उघडली आणि एकेक ठिपका ताडून पाहू लागली. फार वेळ लागला. जबड्यांनाही कंटाळा आला.

"एक राहिलाय," ती म्हणाली. "गेल्या महिन्याची अठरा. बोर्डावर नऊ होते."

"अठराला मी दुकानात नव्हतोच!"

"हो. मी आले तेव्हा आत्या होत्या. हात टॉवेलने पुसत होत्या."

त्याचं तोंड उघडं राहिलं. तिने सवयीने त्यातले दात पाहून घेतले. मग खिडकीची झडप उघडली. झडपेमागे, सावलीत, एक साधा तापमापक टांगलेला होता.

"तुमची बाही ओली होती ना, त्या संध्याकाळीच आणला. तुमच्या चहाच्या दिवसाचा आकडा शेजारच्या औषधाच्या दुकानातून घेतला. एकतीस होते. तुम्ही 'धरा' म्हणालात ना, तेव्हाच मी सोडलं."

"मग रोज यायचात कशाला?"

"रोज कुठे? तुम्ही बोलवाल तेव्हाच."

तिने कपाटातून ब्लँकेट काढून टेबलावर पसरलं. जबडे बाजूला सरले. निळ्या, हिरव्या, पिवळ्या, केशरी ओळी… अख्खं वर्ष. आणि डाव्या काठाला, मधेच कुठेतरी, ओळीच्या टोकाला एकच जांभळा टाका. खाली आणखी एक. आणखी एक.

"हा किती अंशाला?" त्याने वाकून विचारलं.

"तापमानाचा नाही तो." ती काठावरून बोट फिरवत राहिली. "भाची विचारेलच. सांगेन, त्या दिवशी मावशीला कुणीतरी हाक मारत होतं. एकोणतीस आहेत. एक आत्यांचा."

"आणि आजची ओळ?"

"ती शेवटची. दोन वाजायचीच वाट बघतेय." ती त्याच्याकडे न बघता म्हणाली, "पंधरा दिवस बोर्ड खरं बोलतोय. मला वाटलं… संपलं."

"मला वाटलं, तू परत कधी—" तो थांबला. 'तू' निघून गेलं होतं. तिने ते परत केलं नाही.

दोन वाजले. दोघं खिडकीशी गेली. तापमापकात तीस अंश होते. रस्त्यापलीकडे बोर्डाने वेळ दाखवली, डोळा मिचकावल्यासारखा क्षणभर काळा झाला, आणि मग मोठ्या लाल अक्षरांत म्हणाला: चौऱ्याहत्तर.

दुकानाच्या दारात आत्या उभी होती. हातात पेला, पेल्यात वायर, आणि चेहऱ्यावर जगाशी काही देणंघेणं नसल्याचा भाव.

"आता जायलाच हवं," मुलगी म्हणाली, आणि ड्रॉवरमधून जांभळ्या लोकरीचा गुंडा काढून कोटाच्या खिशात टाकला. "चल. चहा गार होईल."