अंगण वाकडं होतं

लिफ्टचं दार तिसऱ्यांदा मिटायला गेलं आणि तिसऱ्यांदा ट्रायपॉडच्या पायावर आपटून उघडलं.

"आधी तुम्ही बाहेर या, मग त्याला ओढा," ती हसू दाबत म्हणाली.

"त्याला सोडलं तर साहेब मला सोडणार नाहीत!" घामाघूम तरुण कसाबसा बाहेर आला. "बुडबुडेबाई कुठे बसतात हो?"

ती कानापर्यंत लाल झाली. उपग्रहाच्या नोंदींतून ती आकाशातले बुडबुडे शोधायची, म्हणून अख्ख्या संस्थेत तिचं हे नाव पडलं होतं. पण तोंडावर म्हणायची कोणाची छाती नव्हती. "बसत नाहीत. सध्या तुमच्यासमोर उभ्या आहेत."

तो नदीवरच्या नव्या पुलाचा सर्व्हेअर. दिवसा क्रेन-ट्रकची वर्दळ, म्हणून मोजणी सूर्य मावळल्यावर. पूल दोन्ही काठांवरून पुढे सरकत होता आणि लागोपाठ तीन संध्याकाळी जीपीएसचे आकडे हातभर भरकटले होते. "आकाशात काहीतरी आहे," असं तो म्हणाला, तर साहेब म्हणाले, "नाचता येईना, अंगण वाकडं!" शनिवारपर्यंत कारण दाखव, नाहीतर दुसरा सर्व्हेअर येईल, असंही बजावलं.

"अंगण वाकडं असू शकतं," ती म्हणाली. विषुववृत्ताजवळ, सूर्य मावळला की फार उंचावरच्या विद्युतभारित वायूत पोकळ्या, म्हणजेच तिचे बुडबुडे, उठतात आणि आपल्यापर्यंत पसरतात. जीपीएसचे संदेश त्यांतून येताना लटपटतात. तिचा उपग्रह अशा पोकळीतून गेला, की नोंदीच्या रेषेत खड्डा पडतो. "वेळा पाठवा. खड्डा सापडला, तर तुम्ही सुटलात."

"आणि नाही सापडला तर?"

तिनं आपला फोन नंबर लिहून त्याच्या हातात ठेवला.

वेळा आल्या. बुधवारी पुन्हा गोंधळ, गुरुवारीही. वेळांबरोबर "जेवलात का?" येऊ लागलं.

"बुडबुडा केवढा असतो?"

"तुमच्या पुलाच्या कितीतरी पट."

"मग मला कसा दिसत नाही?"

"काही गोष्टी समोर असूनही दिसत नाहीत..." तिनं लिहिलं, पाठवलं आणि जीभ चावली.

गुरुवारी संध्याकाळी त्यानं विचारलं, "पुलाची टोकं जुळतील त्या दिवशी याल? माझ्याबरोबर?"

तिनं वाचलं आणि फोन पालथा ठेवला. त्याची नोकरी तिच्या अहवालावर लटकलेली, आता 'हो' कसं म्हणायचं? आणि 'नाही' तर म्हणवतच नव्हतं. घरी जेवायला बसली, तर ताटातलं तसंच राहिलं. वाढणारी आत्या म्हणाली, "आकाशात हरवलंय ते जमिनीवर शोध एकदा!"

उत्तर आधी ठरवून नोंदी बघू नयेत, हे ती नवख्यांना शिकवायची. शुक्रवारी मात्र ती देवाकडे पाच खड्डे मागत बसली. चार मिळाले. गुरुवारी उपग्रह नेमका पुलावरून गेला होता, आणि रेष सरळ.

चारच्या जागी पाच लिहिलं, तर कोण तपासणार होतं?

शनिवारी दुपारी तो साहेबांबरोबर आला. तिनं कागद पुढे केला.

"चार संध्याकाळी दोष आकाशाचा," ती म्हणाली. "गुरुवारी... आकाश साफ होतं."

साहेबांची भुवई चढली. तिला त्याच्याकडे बघवेना.

"गुरुवारची चूक माझी, साहेब." त्यानं वही उघडली. "ट्रायपॉड खुणेची खुंटी सोडून शेजारच्या खुंटीवर लावला. काल पहाटे पुन्हा मोजून दुरुस्ती लिहिलीय."

"शेजारच्या खुंटीवर? तू? लक्ष कुठं होतं?"

"फोनकडे... एक उत्तर यायचं होतं."

साहेबांनी आधी त्याला न्याहाळलं, मग तिला. "चार आकाशाच्या, एक तुझी. चालेल. सोमवारपासून फोन माझ्याकडे देत जा." आणि ते लिफ्ट बोलवायला जातो म्हणून निघून गेले.

"मला का नाही कळवलंत?" ती उसळून म्हणाली. "रात्रभर डोळा लागला नाही!"

"का चुकलो, तेही सांगावं लागलं असतं."

"मी पाच लिहिणार होते..."

"मग मला त्या चारांवरही विश्वास ठेवता आला नसता," तो हळूच म्हणाला. "आणि तुमच्यावरही."

तिचे डोळे भरून आले. तिनं फोन काढला, गुरुवारच्या प्रश्नाखाली एकच शब्द लिहिला. त्याच्या खिशात टिंग वाजलं.

"येईन," तिनं तोंडानंही सांगितलं. "पण तोवर खुंटी बघून लाव हं तू!"

तिचा तो 'तू' ऐकून तो वही तिथंच विसरून गेला.