मंडळाचं तळं

आमचं उपनगर नियोजन मंडळ बंद होणार हे ठरलं, तेव्हा त्याचा इतिहास लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं. निवृत्तीला आलेला माणूस सगळ्यांना रिकामाच दिसतो! शहर माणसांनी फुटायला आलं होतं, रुळांपलीकडे नुसतं खडकाळ माळरान होतं, तिथे लोकांना घरं द्यायची म्हणून हे मंडळ काढलं. एवढं मी झोपेतही सांगितलं असतं.

त्या इतिहासातली सगळ्यात देखणी वस्तू दर्शनी दालनात होती. उपनगराची लाकडी प्रतिकृती, चांगली खोलीभर. एकही वीट रचली जाण्याआधी ती माझ्या आत्याने केली होती. आईवडील गेल्यावर आत्यानेच मला वाढवलं, आणि घरी सांभाळायला कोणी नाही म्हणून कामावरही घेऊन यायची. तिच्या कटरने कापलेल्या माझ्या उजव्या अंगठ्यावर अजून तिरका व्रण आहे. त्या दिवशी तिने आधी मला धपाटा घातला आणि मग स्वतःच रडत बसली.

प्रतिकृतीबद्दल तिचे हट्ट होते. वर काच बसवायची नाही, आणि रोज सकाळी मऊ कुंचल्याने धूळ झटकायची, पूर्वेकडून पश्चिमेकडे. ती निवृत्त झाल्यावर कुंचला माझ्याकडे आला. शिपाई गालात हसायचे, पण मी ऑफिसात आल्या आल्या आधी धूळ झटकायचो. आमच्या उपनगरातला सकाळचा वारा लोकांना फार आवडतो. ऑफिसं उघडायच्या सुमाराला पूर्वेकडून सुटतो, थोडा वेळ वाहतो आणि थांबतो. एरवी पान हलत नाही.

इतिहासासाठी मी आत्याला तळ्याबद्दल विचारलं. आमचं घर त्या तळ्याकाठीच आहे.

"कसलं नियोजन आणि कसलं काय!" ती म्हणाली. "माझ्या ब्रशावरून निळा थेंब पडला. पुसायच्या आत वाळला. तेवढ्यात पाहुणे आले, आणि आपल्या पहिल्या साहेबांनी 'हे तळं' म्हणून ठोकून दिलं. मी कशाला तोंड उघडतेय?"

"मग खोदलं कोणी?"

"कोणीच नाही. मोजणीवाले गेले तर तळं होतंच. दगडी पायऱ्यांसकट. पायऱ्या वापरून झिजलेल्या."

"आणि आधीच्या मोजणीत?"

"माळ. मोजणीवाले काठावर उभे राहून लहान मुलांसारखे हसत होते. कोणी काही विचारलं नाही रे. इतकं सुंदर होतं ते."

म्हातारपणी माणसं रंगवून सांगतात, असं म्हणून मी सोडून दिलं. तरी इतिहासात लिहिलं, की तळं मूळ आराखड्यात नव्हतं, प्रतिकृतीवर ते चुकून आलं. अतिशहाणपणा, दुसरं काय!

समारोपाच्या आदल्या दिवशी दुपारी दालनात गेलो, तर नव्या संचालक मॅडम सुताराला घेऊन उभ्या. बाई कमालीच्या टापटिपीच्या.

"तो निळा डाग खरवडून टाका," त्या म्हणाल्या. "मंजूर आराखड्यात नाही."

"राहू द्या ना मॅडम."

"चूक आहे असं तुम्हीच लिहिलंय ना?"

सुतार पटाशी घेऊन वाकला. माझा फोन वाजला. आत्या होती.

"अरे, मी पायऱ्यांवर बसलेय. पाण्याला काय झालंय बघ ना. काठाकडून सोललं जातंय."

मी प्रतिकृतीकडे पाहिलं. पटाशीच्या टोकाशी निळा पापुद्रा उचलला गेला होता.

"आत्या, ऊठ तिथून. आत्ताच्या आत्ता."

"थांब रे. वर काहीतरी आलंय." तिचा आवाज एकदम लहान मुलीसारखा झाला. "अगं बाई! हात आहे रे. केवढा हात! नखात भुसा अडकलाय."

मी सुताराचं मनगट पकडून मागे खेचलं.

"गेला," आत्या म्हणाली. जरा हिरमुसूनच.

मॅडमना काय सांगणार, कपाळ? काहीबाही बोललो, हातापाया पडलो. शेवटी काच बसवून टाकू, म्हणजे कोणाचा हातच लागणार नाही, यावर त्या राजी झाल्या. संध्याकाळी काच आली. चारही कडा मी स्वतः चिकटवल्या, मुंगीलाही फट ठेवली नाही. पक्की बसली का ते बघायला मधोमध, तळ्याच्या वरच, अंगठ्याने दाबून पाहिलं. मग कुठे माझा जीव भांड्यात पडला. आत्या वाचली होती.

दुसऱ्या दिवशी समारंभ उरकला. मॅडमनी दालनाला कुलूप घातलं आणि किल्ली राजधानीच्या खात्याकडे धाडून दिली.

त्याच्या पुढची सकाळ मी घरी होतो. ऑफिसं उघडायची वेळ झाली.

वारा सुटला नाही.

कालही सुटला नव्हता, समारंभाच्या गडबडीत ध्यानात आलं नव्हतं. दोरीवरचे कपडे सरळ लोंबत होते. झाडं चितारल्यासारखी उभी. मी तळ्यावर गेलो. आत्या पायऱ्यांवर बसून वर्तमानपत्राने स्वतःला वारा घालत होती. पाण्यावर एक तरंग नव्हता.

"श्वास घ्यायला जड वाटतंय रे," ती म्हणाली. तरी चेहरा उजळलेला. "पण तो ढग बघ. काय सुंदर आहे! परवा संध्याकाळपासून जागचा हललेला नाही."

मी वर पाहिलं.

अर्धं आभाळ व्यापून, एकात एक बसलेल्या बारीक वळ्यांचा लांबट पांढरा ढग होता. आणि त्याच्या मधून एक तिरकी, स्वच्छ निळी रेघ गेली होती.