बोआडूंच्या घरचे पाणी

"येबोआ माझा शेजारी. ही त्याच्याच ओसरीवरची गोष्ट," असे म्हणून ओक्येरे आजोबांनी कंदील बारीक केला. अंगणातली मंडळी सरकून जवळ बसली. आजोबा भुतापासून कधीच आरंभ करीत नसत; आरंभ कामापासून. आणि हे काम होते बंद नळ सुरू करून घेण्याचे.

घानातल्या एजिसू गावातले दिवंगत बोआडूंचे घर येबोआने त्यांच्या भाच्यांकडून विकत घेतले. घर वर्षानुवर्षे बंद होते आणि नळजोड तोडलेला. त्यातच रविवारी बायको अफियाला माहेरी मुलगा झाला. आठव्या दिवशी पहाटे बापाने आपल्या घरच्या पाण्याचा थेंब बाळाच्या जिभेवर ठेवावा आणि नाव द्यावे, ही तिथल्या अशांती लोकांची रीत. सासूने बजावले, "जावईबापू, 'पाणी असेल तर पाणीच म्हण, खोटं बोलू नको' असं लेकराला शिकवायचं असतं. कोरड्या घरातला बाप ते कोणत्या तोंडानं शिकवणार? नळ वाहिला नाही तर बारसं माझ्या दारात, आणि नाव माझा भाऊ ठेवील."

येबोआने पाणी-कचेरीचे उंबरे झिजवले. कधी साहेब जेवायला गेलेले, कधी फिटर परगावी. शुक्रवारी खिडकीतल्या बाई म्हणाल्या, "जोडणी बोआडूंच्या नावावर आहे. त्यांनीच यायला हवं."

"अहो बाई, ते वारले!"

"मग? मी मारलं का त्यांना?"

रांग हसली. येबोआचा तोल गेला. तो छताकडे पाहून ओरडला, "ऐकलंत, बोआडू आजोबा? या आता, आणि तुमचा नळ तुम्हीच उघडून द्या!"

रांगेतली एक म्हातारी हसली नाही. "असं नाव घेऊन बोलावू नये, बाळा," एवढेच ती म्हणाली.

शनिवारची रात्र, साडेअकराचा सुमार. वीज गेलेली. येबोआ एकटाच. घरात विकतच्या पाण्याची एकच पिशवी होती. पहाटे निदान तीच सासूपुढे धरावी म्हणून राखलेली. फाटक करकरले. ओसरीच्या बाकावर एक वृद्ध येऊन बसला. खांद्यावर जुने वस्त्र. पाय धुळीने पांढरे.

"काय काम आहे?" येबोआ खेकसला.

वृद्धाने कोरडे ओठ चाटले.

"बोला ना, आजोबा! इथे आधीच डोक्याला ताप आहे."



वृद्धाने रिकामा हात पुढे केला. पेला धरावा तसा.

तेव्हा येबोआला आपली चूक उमगली. पाहुण्याला आधी पाणी, मग काम विचारायचे; आपल्याकडे वैऱ्यालाही हा मान चुकत नाही. तो शरमला. मग त्याचे लक्ष भिंतीकडे गेले. कंदिलाच्या उजेडात बाकाची सावली पडली होती. बाकावरच्याची... नव्हती.

पिशवी एकच होती.

त्याने ती फोडली. निळ्या पत्र्याच्या पेल्यात ओतली. उजव्या हाताने पेला दिला.

वृद्धाने रीतीप्रमाणे थोडे पितरांसाठी भुईवर सांडले. मग तो प्याला. फार वेळ प्याला.

"आता... कशासाठी येणं केलंत, आजोबा?"

"तूच बोलावलंस."

कंदील विझला.

अंधारात घोट उतरल्याचा आवाज. एक... आणखी एक... आता तो भिंतीतून येत होता. मग मोरीतून. नळ खाकरला. पाणी धो धो पडू लागले.

बाक रिकामा होता. पेलाही नव्हता.

पहाटे बारसे येबोआच्याच घरी झाले. त्याने बाळाच्या जिभेवर थेंब ठेवला आणि नाव दिले: रविवारचा म्हणून क्वासी, आणि पुढे बोआडू. सासूने नळाचे पाणी मागून घेतले आणि ती ते घटाघटा प्याली.

नळ सुरू झाल्याचे ऐकून सोमवारी फिटर आला तो भडकूनच. "आमच्या परवानगीशिवाय जोडणी केली कोणी?" त्याने फाटकाशी खणायला घेतले. गवताची मुळे घट्ट रुतलेली. माती कित्येक वर्षांत हललेली नव्हती. तळाशी रस्त्याकडचा पाइप लागला, टोकाला बूच मारलेला. हातभर पलीकडे घराचा पाइप. मधला तुकडा तोडणी करतानाच काढून नेलेला.

आत मोरीत नळ वाहतच होता.

फिटरने कुदळ खाली ठेवली. दोन टोकांच्या मध्ये, मातीत गच्च बसलेला, निळा पेला होता. भोवतालची माती ठणठणीत कोरडी. पेला काठोकाठ भरलेला.