वेल्टानं घेतलेलं नाव

विश्वास ठेवा, नाहीतर नका ठेवू. मी पदरचं एक अक्षर घालत नाहीये.

ही गोष्ट माझ्या सासूबाईंची. वेल्टा त्यांचं नाव. लात्व्हियातलं आमचं हेच घर, हेच धान्याचं कोठार. साल पंचेचाळीस, ऑक्टोबरातली संध्याकाळ. लढाई संपून एक उन्हाळाच काय तो गेला होता.

आमच्याकडे या दिवसांत पितरांना जेवायला बोलावतात. कोठारात पानं मांडायची, दार किलकिलं ठेवायचं, आणि घरातल्या मोठ्या बाईनं एकेका मेलेल्याचं नाव घ्यायचं. ज्याचं नाव घेतलं, तो येतो; जेवल्यावर निरोप दिला, की जातो.

जिवंत माणसाचं नाव चुकूनही घ्यायचं नाही.

वेल्टानं तेच केलं.

तिचा धाकटा भाऊ एवाल्ड्स. जर्मनांनी गावची पोरं बळजबरीनं आपल्या फौजेत ओढली, त्यात हाही गेला. मग जर्मन हरले, रशियन आले. जर्मन गणवेश घातलेला जो सापडेल त्याची धरपकड सुरू झाली. एवाल्ड्स पळून घरी आला आणि गोठ्याखालच्या बटाट्याच्या खड्ड्यात लपला. हे फक्त त्यांच्या आईला आणि वेल्टाला ठाऊक. गावाला सांगितलं, पोराचा पत्ता नाही.

त्या संध्याकाळी शेजारचा आन्सिस न बोलावता जेवायला आला. ठाण्यावर जाऊन कान भरणारा माणूस! पण पितरांच्या जेवणावरून कुणाला हाकलत नाहीत.

आई नावं घेत गेली. सासऱ्यांचं. सासूचं. नवऱ्याचं.

मग थांबली.

"वहिनी, पोराचं राहिलं की," आन्सिस म्हणाला.

"त्याची काही खबर नाही, भावजी."

"खबर नाही, की चांगली खबर आहे? नाही, ठाण्यावर रोज विचारतात मला. मी बापडा काय सांगू?"

आईनं हातातला पाव खाली ठेवला. वेल्टाच्या डोक्यात सणक गेली. आता हा मेला इथून उठणार, सरळ ठाण्यावर जाणार. उद्या गोठा खणतील.

"मेलाय तो!" ती ओरडली. "ऐकायचंय ना तुम्हाला? ऐका. एवाल्ड्स, ये रे बाबा. जेवायला ये."

आईनं तोंडावर हात दाबला.

आन्सिसनं टोपी काढली, क्षणभर मान खाली घातली आणि वाटाण्याचं वाडगं पुढं ओढलं.

तेवढ्यात...

अंगणात खिळे ठोकलेले फौजी बूट वाजले.

वेल्टाला वाटलं, हा एवाल्ड्सच. अरे मुडद्या, आत्ताच बाहेर यायचं होतं तुला?

बूट दाराशी थांबले. दार उघडलं...

कुणीच नव्हतं.

बाकाचं रिकामं टोक करकरलं. मेणबत्ती तिकडं झुकली. आणि त्या टोकाच्या वाडग्यातली लापशी कमी व्हायला लागली. घास... घास... आजवर पितरांच्या पानातला एक दाणाही कधी हलला नव्हता.

आन्सिसची बोबडी वळली. "पा... पाठवा ह्यांना! निरोप द्या!"

आई त्या वाडग्याकडंच बघत बसली. शेवटी वेल्टानंच निरोप दिला. "जेवलात, प्यायलात. आता आपल्या वाटेनं जा. पेरलेल्या शेतातून जाऊ नका, रस्त्यानं जा."

बाक पुन्हा करकरलं.

बूट बाहेर गेले. आन्सिस टोपी टाकून पळाला.

वेल्टा पाव घेऊन गोठ्याकडं धावली. मागोमाग आई. फळी उचलली. एवाल्ड्स खड्ड्यात बसून बुटाची नाडी बांधत होता.

"नको ताई. पोट भरलंय."

"कुणी दिलं तुला?"

"तूच नाही का बोलावलंस?"

तिनं त्याचं मनगट धरलं. गरम होतं. नाडी टकटक उडत होती. जिवंत होता हो तो!

"अरे वेड्या, ते नाटक होतं! त्या आन्सिसला फसवायला!"

"ठाऊक आहे गं." तो हसला. "पण निरोपही तूच दिलास ना."

तो उठला. दोघी त्याला लोंबकळल्या, पण त्यानं थांबायचं नाव घेतलं नाही. उजेड अजून होता. तो रस्त्यानं सरळ चालत गेला. हाक मारावी तर गाव गोळा होणार, नाव घ्यावं तर... दोघी डोक्यावरचा रुमाल तोंडात कोंबून बघत राहिल्या. वळणापलीकडं तो दिसेनासा झाला.

चिखलात पावलं होती. दोघींचीच.

आन्सिसनं ठाण्यावर शपथेवर सांगितलं, पोरगा मेलाय. गोठा कुणी खणला नाही. पुढं ना प्रेत सापडलं, ना कुणाला तो दिसला.

सासूबाईही गेल्या. आता नावं मी घेते. त्यांचं घेते, त्यांच्या आईचं घेते. एवाल्ड्सपाशी माझी जीभ अडते.

तो जिवंत गेला असेल, तर कुठंतरी म्हातारा होऊन बसला असेल. नाव घेतलं तर मी त्याला मारीन.

आणि मेला असेल... तर इतकी वर्षं आम्ही त्याला दारात उपाशी उभं ठेवलंय.

आज संध्याकाळी पुन्हा पानं मांडायची आहेत.