खिडकीजवळची जागा

वसतिगृहाच्या बाई वीस वर्षं रुग्णालयात परिचारिका होत्या. रडण्याने त्या गडबडून जात नसत. नवरा गेला, पाठोपाठ मुलगी नोकरीसाठी दूरच्या गावी राहायला गेली, घर खायला उठलं, म्हणून त्यांनी मुलींच्या शाळेतलं हे काम धरलं होतं. सतरा मुली, अठरा खाटा, एक लांबलचक निजायची खोली. वर्षाच्या सुरुवातीला दोन-चार जणी रडायच्याच. आठवड्याभरात रुळायच्या.

चिंगी मात्र रुळेना. नऊ वर्षांची, अंगाने काडी. हे नाव मुलींनीच पाडलेलं. जेवायला बसली की घास तोंडात तसाच धरून ठेवायची आणि डोळ्यांतून पाणी गाळायची. "आईकडे जायचंय," एवढंच बोलायची. स्वयंपाकाच्या मावशींनी लाडीगोडी लावून पाहिली, बाईंनी रागावून पाहिलं. बारा दिवसांत तिचं दीड किलो वजन उतरलं. तेव्हा बाईंनी तिला खिडकीजवळच्या कोपऱ्यातली खाट दिली. दुपारी तिच्यावर ऊन यायचं म्हणून ती रिकामीच असे. निदान बाहेर बघून पोरीचं मन रमेल, असं त्यांना वाटलं.

चौथ्या दिवशी चिंगीने ताट चाटूनपुसून साफ केलं आणि पुन्हा वाढून मागितलं.

रविवारी बाईंच्या मुलीचा फोन आला तेव्हा त्यांच्या आवाजात कौतुक मावत नव्हतं. "अगं, खाट बदलली आणि पोरच बदलली."

"तुझा हातगुण आहे, आई," मुलगी म्हणाली.

मग दुसरी एक रडवी मुलगी ती खाट मागायला आली. तिला दिली. मग तिसरी. जेवणानंतर तासभर मुलींनी पडायचं असा नियम होता. त्या तासाला पूर्वी कुजबुज, खुसखुस, उशांची फेकाफेक चालायची. आता बाई खाली कार्यालयात बसून कान द्यायच्या तर वर टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता. मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, सगळ्यांदेखत त्यांची पाठ थोपटली. इतकं शहाणं वसतिगृह त्यांनी आजवर पाहिलं नव्हतं.

मुलींची घरची पत्रं बाई वाचून पाकिटात घालत. सहामाही संपता संपता त्यांच्या लक्षात आलं की काही पत्रं ओळीला ओळ सारखी आहेत. 'मी मजेत आहे. अभ्यास चालू आहे.' वेगळं होतं ते फक्त अक्षर. अशी सहा पत्रं होती आणि त्या सहाही जणी खिडकीजवळ निजून गेल्या होत्या. चिंगीच्या पत्राला तर मायनाच नव्हता.

"आईला लिहिलंस ना? मग वर 'प्रिय आई' लिही."

चिंगीने निमूटपणे लिहिलं. फळ्यावरून उतरवून घ्यावं तसं.

पालकांच्या भेटीच्या दिवशी चिंगीची आई सकाळीच येऊन बसली. वहीत नाव लिहिलं, नात्याच्या रकान्यात 'आई' लिहिलं. चिंगी आली, दोन पावलांवर थांबली आणि नमस्कार करून म्हणाली, "बसा ना. बाई येतीलच."

आईने तिला जवळ ओढलं. पोर ओढली गेली, पण तिचे हात दोन्ही बाजूंना लोंबतच राहिले.

अर्ध्या तासाने चिंगीची आई कार्यालयात आली. तिचे ओठ पांढरे पडले होते. "ती रागावली असती तर मी समजले असते हो," ती म्हणाली. "ती माझी विचारपूस करतेय. प्रवास कसा झाला म्हणे. काय केलंत तुम्ही तिचं?"

बाईंनी चिंगीला एकटीला गाठलं.

"त्या खाटेवर काय होतं गं?"

"काही नाही. थोपटतात."

"कोण?"

चिंगी गोंधळली. "तुम्हीच ना, बाई?"

जेवणानंतरच्या त्या तासाला बाई एकदाही वर गेल्या नव्हत्या.

त्यांनी ती खाट त्याच दिवशी अडगळीच्या खोलीत हलवली. दुसऱ्या दिवशी जेवणानंतर त्या दबक्या पावलांनी वर गेल्या. खिडकीखालच्या उघड्या फरशीवर सहा मुली ओळीने झोपल्या होत्या. सहाजणींवर मिळून एकच चादर, कडा चहूबाजूंनी आत खोचलेल्या. शेवटच्या मुलीच्या बाजूची कडासुद्धा. आतून खोचता येणार नाही इतकी घट्ट.

शाळा चालवणाऱ्या संस्थेला पत्र लिहायचं बाईंनी ठरवलं. पण काय लिहिणार? आधी स्वतः पाहायला हवं.

दुसऱ्या दिवशी मुली वर्गात गेल्यावर त्या चादर घेऊन त्या जागी आडव्या झाल्या. घड्याळात अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती. फरशी गार नव्हती. कुणी नुकतंच उठून गेल्यासारखी कोमट होती. ओल्या केसांचा वास येत होता.

डोळे उघडे ठेवायचे, असं त्यांनी स्वतःला बजावलं.

नवऱ्याचे शेवटचे दिवस आठवले. तेव्हा त्या रडल्या नव्हत्या. आता डोळ्यांतलं पाणी फरशीवर ओघळलं.

पाठीवर एक तळवा टेकला.

तो हलकेच पडत राहिला. न चुकता, एका लयीत.

उठल्या तेव्हा साडेबारा झाले होते. चादर पायांखाली नीट खोचलेली होती. छातीवरचा दगड उतरल्यासारखं वाटत होतं. खाली टेबलावर एक कोरा कागद होता, वर 'संस्थेस' एवढंच लिहिलेलं. कशासाठी ते त्यांना आठवेना. त्यांनी कागद घडी घालून टोपलीत टाकला.

रविवारी फोन वाजला. बाई चांगलं बोलल्या. "मी मजेत आहे," म्हणाल्या, "काम चालू आहे."

परीक्षा झाल्या, वर्ष संपलं. पालक येऊन वहीत लिहीत आणि मुलींना घेऊन जात. चिंगीची आई तिचं मनगट घट्ट धरून, कुणाशी न बोलता निघून गेली. दुपारी शेवटची मुलगीही गेली.

मग आणखी एकजण आली. तिशीतली, खांद्याला पिशवी, चेहरा प्रवासाने शिणलेला. दारात चपला काढता काढता हसली.

"आवरलं का गं, आई? गाडी बाहेर उभी आहे."

बाईंनी तिला खुर्ची दिली, पाणी दिलं, वही पुढे सरकवली. थट्टा समजून ती पुन्हा हसली आणि नात्याच्या रकान्यात तिने लिहिलं: मुलगी.

बाईंनी चष्मा चढवून वाचलं आणि त्या शब्दावर बोट ठेवलं.

"इथे तुमचं नातं लिहायचं, ताई," त्या समजुतीच्या सुरात म्हणाल्या. "आणि आमच्या सगळ्या मुली तर गेल्या. तुमची कोणती होती?"