आंबट जमिनीतला मका

माती परीक्षणाच्या ऑफिसात, जिन्याच्या पहिल्याच पायरीवर माझी पिशवी फाटली आणि शेतातली माती समोरून उतरणाऱ्या माणसाच्या बुटांवर सांडली. मी ओशाळून ओंजळीनं ती गोळा करायला लागले.

"राहू द्या," तोही खाली बसला. "इथली धूळ मिसळली तिच्यात. आता निकाल खोटाच येईल. मी इथला तपासनीस. मीच येतो शेतावर, नमुना घ्यायला."

नमुना नेल्यावर आठवड्यानं तो निकाल घेऊन आला. अंगणात आबा, म्हणजे माझे सासरे, बसले होते. माझा नवरा जाऊन तीन वर्षं झाली होती. घरात आम्ही दोघंच... आणि शेतात गुडघ्याएवढा होऊन खुरटणारा मका.

"जमीन आंबट झालीय," तो म्हणाला. "वर्षानुवर्षं नुसता युरिया पडत गेला की होतं असं. मुळं खाली जातच नाहीत."

मका खुरटला की माझा नवरा युरियाचं आणखी एक पोतं टाकायचा.

"म्हणजे... यांनीच बिघडवली?"

"ते कष्ट करत होते," तो हळूच म्हणाला. "सांगायला आम्ही यायला हवं होतं. नाही आलो."

मला रडू आवरेना. तो उठला नाही, समजूतही काढली नाही.

आंबटपणा मारायला त्यानं चुन्याचं नाव काढताच आबा उसळले. "माझ्या मुलाच्या शेतात चुना? जाळायचीय का जमीन?"

शेवटी अर्ध्या शेतावर तडजोड झाली. पेरणीच्या महिनाभर आधी त्यानं आणि मी मिळून चुनखडीची भुकटी पसरली, मग शेणखत घालून सगळं मातीत कालवलं. पेरताना रासायनिक खत दिलं, पण मोजून. भुकटी पसरताना त्याच्या भुवया पांढऱ्या झाल्या होत्या.

"म्हातारे दिसताय," मी म्हटलं.

"तुम्हीही," तो म्हणाला, "पण... शोभतंय."

मका उगवला तसा तो दर आठवड्याला उंची मोजायला येऊ लागला.

"ऑफिसचा नियम आहे का हा?"

"नियम महिन्यातून एकदाचा आहे."

"मग?"

"मका... भराभर वाढतोय ना."

मी मान फिरवली, पण कान तापले होते.

काढणीला आबांनी दोन्ही अर्ध्यांतली कणसं हातात घेतली. एक बोटभर, अर्धं रिकामं. दुसरं टोकापर्यंत भरलेलं. त्यांचा अंगठा दाण्यांवरून कितीतरी वेळ फिरत राहिला.

"हे आधी कळलं असतं तर पोरगा हसला असता," ते म्हणाले. मग माझ्याकडे न बघता, "उरलेल्या अर्ध्यातही टाक चुना. आणि त्या माणसाला विचार. तू नाही विचारलंस, तर तो जन्मभर मकाच मोजत बसेल."

"आबा! तुम्हाला एकटं टाकून मी..."

"मला कशाला टाकतेस? त्यालाच इकडे आण की."

तो काट्यापाशी पोती तोलत होता. मी जाऊन उभी राहिले.

"यांचा फोटो... भिंतीवरच राहील," मी कशीबशी म्हणाले.

त्यानं हातातलं पोतं खाली ठेवलं. माझा अर्थ त्याला कळला होता.

"राहू दे," तो म्हणाला. "त्यांच्याच तर शेतात उभा आहे मी."

मग मी त्याचा हात धरला – आबा बघत असताना, भर उन्हात.