तक्त्यातील एकतिसावी ओळ

परतीच्या पावसाची सर आली म्हणून मी राज्याच्या सीमेवरील बोथजवळच्या एका मराठी गावात शाळेच्या पडवीत शिरलो. चंद्रभागा मला प्रथम दिसली ती माझे भिजलेले फॉर्म आपल्या पदराने टिपताना. ती तेथील शिक्षिका. मी हैदराबादेहून जठरातील व्रणांवर संशोधन करायला आलेला एक अबोल डॉक्टर. साल शहाऐंशी.

"किती वेळा जेवता, कधी जेवता... तुमी तर हजेरी घेऊन राह्यले, डॉक्टर," फॉर्म वाचून ती म्हणाली.

"उत्तरे मिळतील ना?"

"हजेरीले सारेच हजर म्हणतात, नसलेलेबी."

तिचा इशारा मला उमगला नाही. तिच्या भुवईवर एक थेंब थांबला होता, आणि माझे सारे लक्ष तिकडेच होते.

पुढचे चार महिने दर रविवारी आम्ही घरोघर फिरलो. मी मूळचा बासरचा, मराठी घरातलाच. पण शिक्षणाने माझी मराठी इतकी पुस्तकी झाली होती की माझा प्रत्येक प्रश्न चंद्रभागा पुन्हा गावच्या बोलीत विचारी, आणि माझ्याकडे पाहून ओठ मुडपून हसे. त्या हसण्यासाठी मी मुद्दाम अवघड शब्द वापरू लागलो होतो. प्रत्येक घरी जेवणाचा आग्रह होई. प्रत्येक घरी मी "जेवून आलो" म्हणे. तिच्या घरीही, बाबासाहेबांच्या तसबिरीखाली बसून, मी तेच म्हणालो. संकोचाने की आणखी कशाने... हे मी स्वतःला विचारले नाही.

तिची आई बयनाबाई माझी एकतिसावी रुग्ण. पोटात आग पडते, रात्र बसून काढते, असे तिने सांगितले. जेवणाचे विचारताच मात्र ती ताठ झाली. "दोन टाइम जेवतो ना बाप्पा, पोटभर." मी तसे लिहिले. चंद्रभागा खाली मान घालून बोटाने जमिनीवर रेघा ओढत राहिली.

आठवड्याने, ओढ्यापाशी, ती बोलली. आई सर्वांना वाढून मागाहून जेवायला बसते, आणि निम्मे दिवस कोऱ्या चहावरच निजते. "पाहुण्यासमोर उपाशी हावो म्हणून कोण सांगन? सारे फॉर्म पुन्हा भरा, डॉक्टर."

मी होकार दिला. तिचा हात माझ्या हातात होता — कधी आला, कोणी घेतला, दोघांनाही ठाऊक नव्हते.

हैदराबादेत माझ्या मार्गदर्शकांनी तक्ते पूर्ण केले होते. लेख पाठवायचा दिवस ठरला होता. त्यांच्या टेबलासमोर मी तीनदा उभा राहिलो. तिन्ही वेळा त्यांनी वर पाहिले, आणि मी काही न बोलता परतलो.

वर्षभराने, पळस फुलला तेव्हा लेख छापून आला. त्यावर माझे नाव होते. तो अंक घेऊन मी पहाटेच्या बसने निघालो. चंद्रभागेला लग्नाचे विचारायचे होते, आणि त्यासाठीचे वाक्य मी वाटभर मनात घोळवीत आलो होतो.

घराच्या ओसरीत बसून ती अडखळत इंग्रजी वाचत गेली. तिचे बोट एकतिसाव्या ओळीवर थांबले. मग निष्कर्षावर: जेवण नियमित आहे, व्रणाचे कारण तिखटाचा अतिरेक.

"हैदराबादेहून तसा कागद आला, दवाखान्यात आता सगळ्यायले तिखट बंद कराले सांगून राह्यले. आईनं सोडलं," ती म्हणाली. "तिखटच तिचं कालवण होतं. कोरडी भाकर उतरत नाही तिले. आता तेही खात नाही."

मी अंकाच्या मुखपृष्ठाकडे पाहत होतो.

"मी सांगितलं होतं तुमाले. काऊन नाही बोलले?"

बोलणे जमले नाही, एवढेच खरे उत्तर होते. आणि तेही बोलणे मला जमले नाही. घोळवून आणलेले वाक्य तर कोठे गेले, कळलेच नाही.

आतून बयनाबाईचा क्षीण आवाज आला, "डॉक्टर आले का वं? जेवले का, विचार त्याहिले."

पहाटेपासून माझ्या पोटात पाण्याचा घोट नव्हता. चुलीवर भाकरी फुगत होती, तिचा खरपूस वास ओसरीपर्यंत येत होता.

"जेवून आलो," मी म्हणालो.

चंद्रभागेने माझ्याकडे पाहिले. मग अंक मिटून माझ्या हाती दिला.

"हजर," ती हळूच म्हणाली, आणि आत गेली.